कांदे आत येईपर्यंत

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि ती एकतीस. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, वडील तर मला आठवतही नाहीत. घरात दादा आणि मी. दादा दिवसभर शेतात, मी शाळेत, आणि मोरीत दोन-दोन दिवसांची भांडी. वहिनीने पहिल्या दिवशी तो ढीग बघितला, पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या आणि मला म्हणाली, "तू घास, मी विसळते. भांडी झाली की मग ओळख करून घेऊ."

लग्नाआधी ती टेलिफोनच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. दहा वर्षं तिने तेच केलं. समोरचा कितीही चिडलेला असो, ती "होईल हं, करू आपण" असं काही अशा आवाजात म्हणायची की माणूस शांत होऊन फोन ठेवायचा. टेलिफोन दुरुस्त होवो न होवो. शेती तिला ठाऊक नव्हती. पहिल्या आठवड्यात वाफ्यात गांडूळ दिसलं म्हणून तिने एवढी मोठी किंकाळी फोडली की दादा फावडं टाकून पळत आला. काय झालंय ते कळल्यावर तो खाली बसून हसला. आई गेल्यानंतर दादाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोन वर्षांत हीच बाई मूठभर माती हातात चुरून सांगायला लागली की उद्या पाणी द्यायचं की परवा.

दादाला पिकवता येतं, विकता येत नाही. बाजारात कुणी विचारलं "ताजी आहे ना भाजी?" तर हा सांगणार, "वांगी आजची, काकड्या कालच्या." अर्धा माल परत यायचा. तिसऱ्या वर्षी वहिनीने डोकं चालवलं. तिने गावातल्या ओळखीच्या माणसांना हाताने पत्रं लिहिली : आमच्या शेताचे सभासद व्हा. हंगामाच्या सुरुवातीला वर्गणी भरा, आणि मग दर गुरुवारी या, जमिनीने जे दिलं असेल त्यातला तुमचा वाटा घेऊन जा. भरपूर पिकलं तर भरपूर, नाही पिकलं तर आमच्याबरोबर तुम्हीही रडा. अगदी असंच लिहिलं होतं तिने. पहिल्या वर्षी अकरा घरं आली.

पाचव्या वर्षी गारा पडल्या. वीस मिनिटांत टोमॅटोच्या रांगांचं जे झालं ते बघून दादा दोन दिवस जेवला नाही. जमिनीखालचं होतं तेवढं वाचलं. पुढचे सहा आठवडे प्रत्येक घराला बीट, नुसतं बीट. वहिनी दर गुरुवारी टेबलाशी उभी राहायची, शरमेने मान खाली. लोक पिशवी भरायचे आणि म्हणायचे, "चालतंय की हो, रंग छान येतो." निवृत्त पोस्टमनकाका तर म्हणाले, "आमच्या घरात आता भिंती सोडून सगळं लाल झालंय." त्या वर्षी एकही घर सोडून गेलं नाही. ही गोष्ट वहिनीने मनात फार खोल ठेवली. पुढे सभासद चौसष्ट झाले, पण ती अकरा घरं आली की तिचा आवाज वेगळा लागायचा.

माल वाटायच्या शेडमध्ये एक काळा फळा होता. त्यावर खडूने ती त्या दिवशीचा वाटा लिहायची : टोमॅटो दोन किलो, काकड्या चार, वांगी तीन, शेंगा मोठी मूठभर. खाली एखादी ओळ स्वतःची. 'वाकड्या काकडीला चव जास्त. माणसांचंही तसंच आहे.' किंवा 'कृपया टोमॅटो दाबून बघू नयेत, त्यांनी तुम्हाला दाबून बघितलेलं नाही.'

मी शिकले, मोठी झाले, लग्न काही झालं नाही. गावात वीस मिनिटांच्या बसच्या अंतरावर माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणं, बाह्या आखूड करणं, कंबर सैल नाहीतर तंग करणं. वर राहायची खोली. गुरुवारी दुपारी दुकान बंद करून मी शेतावर जायचे आणि वहिनीबरोबर टेबलाशी उभी राहायचे. ती मला सुईबाई म्हणायची. एक तर मी शिवते म्हणून, आणि दुसरं, तिच्या मते मी जन्मभर तेवढीच जाड राहिले म्हणून.

त्या वर्षीच्या हंगामाच्या सुरुवातीला ती तिच्या कामाच्या दोन पँटी घेऊन दुकानात आली. "कंबर आत घे गं. घसरतायत." मी टेप लावली. दोन इंच. मी चेष्टा केली, "काय वहिनी, पन्नाशीनंतर फॅशनचा विचार आहे का?" ती म्हणाली, "तुझा दादा इतका राबवतो, चरबी राहील कुठे?" मी शिलाई मारून दिली आणि विसरून गेले.

उन्हाळा सरत आला तेव्हा ती पुन्हा आली. त्याच दोन पँटी.

शेतातले ते सगळ्यात धकाधकीचे दिवस असतात. टोमॅटो एकदम पिकायला लागतात, दिवसाआड तोडले नाहीत तर फुटतात आणि गांधीलमाश्या येतात. काकडी एक दिवस नजरेआड झाली की मनगटाएवढी होते. शेंगा, वांगी, मिरच्या, सगळ्यांना आजच घरात यायचं असतं. त्यात कांद्याच्या पाती माना टाकायला लागतात, म्हणजे कांदा काढायला आला. असल्या दिवसांत मंगळवारी सकाळी अकरा वाजता वहिनी शेत सोडून माझ्या दुकानात आली, तिथेच मला काहीतरी खटकायला हवं होतं.

मी टेप लावली. पुन्हा दोन इंच. टेप धरलेला हात मी काढलाच नाही. पाठीमागून तिच्या बरगड्या कपड्यावरून मोजता येत होत्या.

"वहिनी, हे काय आहे?"

"काय असणार? उन्हाळा."

"उन्हाळा मलाही आहे. माझे चार इंच नाही गेले."

"तुझे गेले तर तू उरशील का?" ती हसली. मी हसले नाही. मग ती माझ्या शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली आणि खिडकीतून बाहेर बघत सगळं सांगितलं. जेवण जात नाही. दोन घासांत पोट भरतं. पाठीत दुखतं, इथे, मधोमध. आडवं झालं की जास्त, म्हणून बसून झोपते. दादाला सांगितलंय की उकडतं, म्हणून खुर्चीत बरं वाटतं.

"कधीपासून?"

"रोपं लावली तेव्हापासून असेल."

"आणि डॉक्टर?"

"जाणार आहे ना. कांदे आत आले की जाणार." तिचा आवाज बदलला. टेलिफोनच्या कचेरीतला आवाज, मी लगेच ओळखला. "होईल हं सगळं. करू आपण."

"वहिनी, तो आवाज माझ्याशी नको काढूस. आज चल. आत्ता दुकान बंद करते."

तिने माझा हात धरला. तिचे हात टोमॅटोच्या झाडांनी हिरवे-काळे झाले होते, या दिवसांत कितीही घासले तरी तो रंग जात नाही. "ऐक माझं. तीन आठवडे. आज दवाखान्यात गेले तर ते तपासण्या लावतील, ठेवून घेतील. तुझा दादा शेत टाकून माझ्याजवळ बसेल, तुला माहीत आहे तो कसा आहे. चौसष्ट घरं आहेत गं. सहा आठवडे बीट खाल्लं त्यांनी. मी मध्येच हात वर करू? कांदे शेडमध्ये आले की मी स्वतः तुला म्हणेन, चल. तोवर दादाला एक शब्द बोलायचा नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मी म्हणायला हवं होतं की शपथ गेली खड्ड्यात. मी म्हटलं, "नक्की तीन आठवडे?"

"नक्की."

मी पँटींना शिलाई मारली. माझ्या हाताने मारली, आणि तीही इतक्या सफाईने की बाहेरून काही कळू नये. कापड जास्त उरलं होतं ते आतून दुमडून टाकलं.

पुढचे तीन गुरुवार मी शेतावर गेले आणि तिच्याकडे बघत राहिले. पहिल्या गुरुवारी ती उपड्या क्रेटवर बसून वाटप करत होती. आधी ती कधी बसायची नाही. कुणीतरी विचारलं तर म्हणाली, "बढती मिळालीये मला, खुर्चीवरची नोकरी." दुसऱ्या गुरुवारी मी तिच्यासाठी मऊ भाताचा डबा नेला. तिने दोन चमचे खाल्ले, उरलेला दादाला दिला आणि सांगितलं, "सुईबाईने तुमच्यासाठी आणलाय." दादा उभ्याउभ्या खाऊन पुन्हा कांद्याच्या तुकड्यात गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. दोन शब्दांचं काम होतं. 'दादा, थांब.' मी तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. वहिनीने शेडच्या दारातून माझ्याकडे फक्त बघितलं.

दादाला का कळलं नाही, असं नंतर पुष्कळांनी मला विचारलं. ज्यांनी शेती केली नाही तेच असं विचारतात. त्या दिवसांत तो उजाडायच्या आधी बाहेर पडायचा आणि अंधार पडला की जेवून पडायचा. हंगामात त्याचा स्वतःचा पाय मोडला असता तरी त्याला तो रविवारी कळला असता. आणि वहिनी त्याच्यापुढे चालती-बोलती असायची. दहा वर्षं लोकांना शांत करण्यात घालवलेली बाई ती. एका माणसाला शांत ठेवणं तिला काय जड होतं?

तिसऱ्या आठवड्यात कांदे आत आले. शेडमध्ये जाळीच्या फळ्यांवर एकेक थर, पंखे लावलेले, सगळीकडे तो कोरडा उग्र वास. गुरुवारी मी गेल्या गेल्या तिला बाजूला घेतलं. "कांदे आले."

"हो की. बघितलेस का, केवढे झालेत यंदा?"

"वहिनी."

"अगं, शेंगांची शेवटची तोडणी सोमवारी आहे. तेवढी होऊ दे. मग मंगळवारी..."

मी काही बोलणार तेवढ्यात सभासद यायला लागले. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर चष्म्याच्या दुकानातल्या बाई होत्या. अकरा घरांपैकी एक. गेली वीस वर्षं त्या लोकांच्या डोळ्यांत बघून नंबर काढतात. वहिनीने त्यांच्यापुढे टोमॅटोचं क्रेट सरकवलं, मान वर केली आणि हसली. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"जरा उजेडात या," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"या तर."

त्यांनी वहिनीला हाताला धरून शेडच्या दाराशी नेलं, अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली, एक डोळा, मग दुसरा. मग वळून मोठ्याने विचारलं, "यांचे यजमान कुठे आहेत? त्यांना बोलवा. आत्ता."

डोळे पिवळे झाले होते. मी रोज बघत नव्हते, गुरुवारीच बघायचे, तरी मला दिसायला हवं होतं. कदाचित दिसलंही होतं. त्या बाईंना एक मिनिट लागलं. मला तीन आठवड्यांत जमलं नव्हतं ते.

दादा आला. मातीच्या हातांनी तसाच. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी दवाखान्यात न्या, पहिल्या नंबरला." दादा वहिनीकडे बघून म्हणाला, "अगं, उन्हाने असेल." वहिनी म्हणाली, "तेच सांगतेय मी." आणि मी क्रेट उचलून टेबलावर ठेवत राहिले, कारण रांगेत तीस माणसं उभी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, वहिनीच्या मानाने मुलगीच. त्यांनी पोट दाबून बघितलं, लिहून घेतलं, मग विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"थोडे दिवस झाले," वहिनी म्हणाली.

"थोडे म्हणजे?"

"पंधरा-वीस दिवस असतील."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं आणि आमच्याकडे बघितलं. दादा गोंधळला होता. म्हणाला, "मला तर काही..." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चार इंच. हंगामाच्या सुरुवातीला दोन, आणि तीन आठवड्यांपूर्वी आणखी दोन. पाठ दुखतेय, झोपता येत नाही, जेवण जात नाही."

दादाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपण रोज ज्या रस्त्याने जातो तिथे एखादी भिंत उभी दिसावी, तसं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"तीन आठवडे?"

"मी शपथ घातली होती तिला," वहिनी म्हणाली. "अहो, तिचा काही दोष नाही."

त्याने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तपासण्या झाल्या, चार दिवसांनी उत्तर आलं. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती तिथेच थांबलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ते हळू आणि स्पष्ट सांगितलं. पिवळेपणा कमी करायला एक नळी बसवता येईल, दुखणं आटोक्यात ठेवता येईल. बाकी फार काही नाही. दादा आणि वहिनी बाहेर गेल्यावर मी मागे थांबले.

"तीन आठवडे आधी आलो असतो तर?"

"फरक पडला असता असं मी तुम्हाला सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पडलाच नसता, असंही सांगू शकत नाही."

मी त्यांचे आभार मानले. खोटं बोलल्या असत्या तर मला ओळखू आलं असतं.

वहिनीला घरी आणलं. शेताकडच्या बाजूची खोली तिला दिली, खिडकीशी पलंग. सभासदांना कळायला दोन दिवस पुरले. शनिवारी सकाळी मी गेले तेव्हा शेतात पंचवीस-तीस माणसं होती. पोस्टमनकाका, शाळेतल्या बाई, कुणाकुणाची मुलं. ज्यांनी आयुष्यात दुकानाच्या टोपलीतूनच टोमॅटो उचलला होता ती माणसं रांगांमधून वाकून टोमॅटो तोडत होती, निम्मे हिरवेच तोडत होती. वहिनी खिडकीतून ओरडत होती, "अहो काका, शेंग ओढू नका! वेल उपटतोय! दोन्ही हातांनी... एका हाताने वेल धरा!" मग दमून उशीवर पडायची. पुन्हा थोड्या वेळाने उठायची. "त्या बाईंना कुणीतरी सावलीत बसवा रे, लाल झाल्यात. त्यांनाच टोमॅटो समजून तोडेल कुणीतरी."

दादा त्यांच्यात फिरत होता, दाखवत होता, क्रेट उचलत होता. माझ्याशी बोलत नव्हता. भांडला नाही, एक शब्द वावगा बोलला नाही. मी समोर असले तर तो दुसऱ्या कुणाला तरी सांगायचा, "त्यांना म्हणावं, औषध चार वाजता आहे." 'त्यांना'. मला तो जन्मापासून 'बारके' म्हणत आला होता.

मी दुकान बंद ठेवून तिथेच राहिले. वहिनीला पुसून काढणं, कूस बदलणं, ओठ ओले करणं. एके दुपारी, दादा भोपळ्यांच्या तुकड्यात असताना, मी तिच्या पायाशी बसून रडले. म्हटलं, "मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

तिने मला मनसोक्त रडू दिलं. मग म्हणाली, "तुला अडकवलं ते माझं चुकलं. ते तेवढं चुकलं. बाकीचं मी जाणूनबुजून केलं."

"म्हणजे?"

"मला माहीत होतं गं. माझी मोठी मावशी अशीच गेली. आधी जेवण, मग पाठ, मग डोळे. तुझ्या दुकानात आले त्याच्या खूप आधीच मला कळलं होतं." तिला बोलताना धाप लागत होती, म्हणून ती थांबत थांबत बोलत होती. "दवाखान्यात गेले असते तर त्या दिवसापासून मी पेशंट झाले असते. मला हा उन्हाळा पुरा हवा होता. लोक बहाणा होते. म्हणजे, खोटा बहाणा नव्हता... पण मला स्वतःलाच टोमॅटो तोडायचे होते. कांदे बघायचे होते. तुझ्या दादाने सकाळी दारातून हाक मारायची, 'येतेस का?' आणि मी म्हणायचं, 'आले.' त्याने माझ्याकडे काळजीने बघायला लागायच्या आधीचे जेवढे दिवस मिळतील तेवढे."

"हे त्याला सांग."

"तो म्हणेल, म्हणजे माझ्याबरोबर आणखी राहायचं नव्हतं तुला. त्याला ते असंच ऐकू येईल आत्ता. नंतर कधीतरी... तू सांग."

ती हे खरं सांगत होती, की मला बरं वाटावं म्हणून तिने पुन्हा तो कचेरीतला आवाज काढला होता, हे मला आजही ठरवता येत नाही. आवाज तरी तो नव्हता. पण आजारात आवाज राहतातच कुठे जागेवर.

सहा आठवड्यांनी ती गेली. शेवटचे दहा दिवस ती बहुतेक झोपूनच होती. गेली त्या सकाळी दादा तिच्याजवळ होता, मी स्वयंपाकघरात पाणी तापवत होते. त्याने मला हाक मारली नाही. तो दारात येऊन उभा राहिला आणि मी गॅस बंद केला.

त्या वर्षी शेत बंद होईल असं सगळ्यांना वाटलं. दादाने थंडीत नुसती जमीन नांगरून ठेवली. पण हंगाम सुरू व्हायच्या वेळी त्याने सगळ्यांना पत्र पाठवलं. दोन ओळींचं. 'यंदाही करतो आहे. जमेल तसं.' चौसष्टपैकी एकसष्ट घरं आली. मीही वर्गणी भरली. दर गुरुवारी इतर सभासदांसारखी रांगेत उभी राहायचे, पिशवी पुढे करायचे, तो त्यात भाजी घालायचा. फळ्यावर तो नुसती यादी लिहायचा. माझ्या पिशवीत कधी कमी घातलं नाही, कधी जास्तही नाही. लोकांसमोर आम्ही "बरंय" एवढंच बोलायचो.

पाहता पाहता पुन्हा तेच दिवस आले. टोमॅटो फुटायला लागले. सभासद आळीपाळीने मदतीला येत होते, पण दादा एकटा पडत होता, ते कुणालाही दिसत होतं. एका गुरुवारी शेंगांचा वाटाच नव्हता. मी वाटप संपल्यावर शेतात जाऊन बघितलं. शेंगांच्या दोन रांगा तोडणी चुकल्याने जून होऊन वेलांवर लोंबत होत्या. शेंगा अशा जून होऊ दिल्या की वेल पुढे फुलंच धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. पहाटेची पहिली बस धरून शेतावर गेले, शेडमधून क्रेट घेतलं आणि पहिल्या रांगेला लागले. कुणाला विचारलं नाही. ऊन वर आलं तेव्हा दादा आला, मला बघितलं आणि टोमॅटोकडे निघून गेला. शनिवारी पुन्हा गेले. रविवारी माझं क्रेट भरत आलं तेव्हा कुणीतरी माझ्यामागे रिकामं क्रेट आणून ठेवलं. मी वळले तर दादा रांगेच्या पलीकडच्या बाजूला उभा राहून तोडायला लागला होता. वेलांची जाळी मध्ये होती. त्याचे हात दिसत होते, चेहरा तुकड्यातुकड्याने.

अर्धी रांग तशीच संपली. मग तो म्हणाला, "नेमकं काय म्हणाली होती ती तुला?"

"कधी?"

"सगळं. दुकानात आली तेव्हापासूनचं."

मी सांगितलं. तोडता तोडता सांगितलं. पँटी, टेप, स्टूल, शपथ, मी कसं तोंड उघडलं होतं आणि कसं मिटलं ते. मग त्या दुपारचं सांगितलं. मोठ्या मावशीचं, उन्हाळा पुरा हवा होता त्याचं, दारातून मारलेल्या हाकेचं. एकही शब्द मऊ केला नाही आणि एकही वाढवला नाही. वेलांपलीकडचे हात मधेच थांबले होते. बराच वेळ ते नुसते वेल धरून होते.

"मी रोज हाक मारायचो," तो म्हणाला.

"हो."

"मला आठवतं, एकदा ती लगेच नाही आली. मी चिडलो होतो. म्हटलं, आज काय मुहूर्त बघतेयस का?"

त्याला रडायचं होतं आणि मी पलीकडे असलेलीच त्याला बरी होती, म्हणून मी पलीकडेच राहिले आणि जून शेंगा काढून वेगळ्या टाकत गेले. तो रडत होता तसा बराच वेळ गेला. मग त्याने नाक शिंकरलं, बाहीने तोंड पुसलं आणि पुन्हा तोडायला लागला.

"माफ केलं असं नाही मी," तो म्हणाला. "मला जमत नाहीये अजून ते."

"माहीत आहे."

"पण गुरुवारी जरा लवकर येत जा. टेबलाशी मला एकट्याला सुधरत नाही. लोक बोलतात आणि मला उत्तरं सुचत नाहीत."

"येते," मी म्हटलं.

रांगेच्या टोकाला आम्ही पोचलो तेव्हा त्याची दीड आणि माझी दोन क्रेटं भरली होती. उन्हं चढली होती. त्याने जड क्रेट उचललं, मला हलकं दिलं, आणि आम्ही शेडकडे चालत गेलो. वाटेत तो दोन पावलं पुढे होता, आणि मला वाटतं, तो मुद्दाम हळू चालत होता.